दहा मिनिटं आधी उतरणारं विमान

माझ्या थोरल्या मावशीला कामाच्या ठिकाणी सगळे काटाताई म्हणायचे. स्वभावाने ती काटेरी मुळीच नव्हती. विमानतळावरच्या वजनकाट्याशी ती बसायची, एवढंच कारण.

विमानतळ म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं तसं तिथे काही नव्हतं. एक धावपट्टी, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारा खांबावरचा कापडी मोजा आणि कुंपणाशी इंधनाची टाकी. खोलीच्या एका कोपऱ्यात चहाचं यंत्र, ते बहुतेक वेळा बिघडलेलं. दुसऱ्या कोपऱ्यात मावशीचं टेबल, टेलिफोन आणि काटा. आठवड्यातून तीन दिवस सकाळी एक विमान एकाच गावाला जायचं आणि दुपारी तेच परत यायचं. ते गाव डोंगर आणि दलदल यांच्या पल्याड. जमिनीवरून जायचं तर भलामोठा वळसा घालून दोन दिवस मोडायचे. तिथला विमानतळ आमच्याहूनही लहान, इतका की इंधन भरायचीसुद्धा सोय नव्हती. जायचं आणि यायचं, दोन्हीचं इंधन इथूनच भरून न्यावं लागे.

विमान छोटं असल्यामुळे सामानाबरोबर माणसांचंही वजन करायचं असे. मावशीने काट्याची तबकडी स्वतःकडे वळवून ठेवली होती, रांगेतल्या कुणाला आकडा दिसू नये म्हणून. गावात कुणाचं वजन किती हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही. तरी बाजारात ती समोरून आली की लोक नकळत पोट आत ओढून चालायचे. एका गृहस्थांनी तर काट्यावर चढण्याआधी खिशातला रुमालही काढून ठेवला होता. "रुमालाचं काही नाही हो," मावशी म्हणाली, "तुम्ही श्वास सोडा, तो धरून वजन कमी होत नाही."

विमानात खुर्च्या बारा होत्या. पण इथून जाताना माणसं घ्यायची अकराच. बारावी खुर्ची रिकामी. याचं कारण तिच्या टेबलामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. मुख्य कार्यालयातून आलेला तो तक्ता मावशी कामाला लागली त्याच्याही आधीपासून तिथे होता. अंतर चारशे अडतीस किलोमीटर. उड्डाणाची वेळ एक तास सव्वीस मिनिटं. दोन्ही वेळचं मिळून इंधन इतकं. उरलेल्या वजनात माणसं अकरा. दर वर्षी नवा कागद यायचा, त्यावर वरची तारीख तेवढी बदललेली असायची.

महिन्यातून तीन-चारदा तरी बारावा माणूस समोर येऊन उभा राहायचाच. मग त्याला परत पाठवणं मावशीच्या वाट्याला यायचं. एकदा एक गवंडी आला. दोन वर्षं इकडे बांधकामावर होता, घरी मुलगी झालेली, तिला अजून पाहिलं नव्हतं. त्याने खिडकीतून विमानाकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, ती मागची खुर्ची रिकामी दिसते ना?"

"दिसते," मावशी म्हणाली. "पण तुमच्या वजनाचं इंधन आधीच चढलंय."

गवंड्याने वाद घातला नाही. पिशवी उचलली आणि पुढच्या विमानासाठी तीन दिवस थांबला. मावशी म्हणते, भांडणारे लोक घरी गेल्यावर विसरता येतात. न भांडता गेलेला माणूस जेवताना पानासमोर येऊन बसतो.

अशी तेवीस वर्षं गेली. मग एक दिवस विणणाऱ्या बाई आल्या.

सत्तरीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या बाई. पलीकडच्या गावी त्यांची धाकटी बहीण राहायची. तिच्यासाठी गळपट्टी विणायला घेतली होती. काट्यावर चढतानासुद्धा सुया हातात. त्यांनी विचारलं, "किती वेळ लागतो हो?"

मावशीने भिंतीकडे न बघताच सांगितलं, "एक तास सव्वीस मिनिटं."

"म्हणजे शहाऐंशी ओळी," बाई म्हणाल्या. "माझी एक ओळ एका मिनिटाची असते. पन्नास वर्षांचा हात आहे."

नऊ दिवसांनी बाई परतीच्या विमानाने उतरल्या आणि थेट मावशीच्या टेबलाशी आल्या. "तुमचं घड्याळ चुकतंय की माझा हात, ते बघायला हवं. जाताना शहात्तर ओळी झाल्या आणि चाकं टेकली. येताना पुन्हा नव्याने मोजल्या. सत्त्याहत्तर."

"आमचं विमान नेहमीच जरा आधी उतरतं," मावशी म्हणाली. "वारा असतो पाठीशी."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जाताना पाठीशी असला, तर येताना तोंडावर यायला नको का?"

आणि सुया पिशवीत टाकून त्या गेल्या.

मावशीला त्या दुपारी चैन पडेना. इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कधी कशी आली नाही? विमान दहा मिनिटं आधी पोचतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. प्रवासी खूश असायचे. मुख्य कार्यालयाने तर 'वेळेआधी पोचवणारी सेवा' अशी पाटीच पाठवली होती. जाताना आधी पोचलं की वारा चांगला, येताना आधी पोचलं की कप्तान चांगला. कुणी दोन्ही टोकं जोडून बघितलीच नव्हती.

उत्तर शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. विमान उडालं की ती पलीकडच्या विमानतळावर फोन करून "निघालं" असं सांगायची, आणि तिथे टेकलं की तिकडून फोन यायचा, "उतरलं." परतीच्या वेळी याच्या उलट. हे सगळं ती वहीत लिहायची. तेवीस वर्षांच्या वह्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात रचून ठेवलेल्या होत्या. पुढच्या विमान नसलेल्या दिवशी तिने त्या बाहेर काढल्या, धूळ झटकली आणि निघाल्या वेळेपासून उतरल्या वेळेपर्यंतची मिनिटं एका कोऱ्या कागदावर मांडत बसली.

जुन्या वह्यांत आकडे यायचे पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी. कधी वारा असला तर ब्याऐंशी, पण मग परत येताना नव्वद. बाईंनी म्हटलं तसंच. वर्षामागून वर्ष हेच. आणि मग चौदा वर्षांपूर्वीच्या एका वहीत, मधल्याच एका पानावर, आकडे एकदम घसरले. शहात्तर. पंच्याहत्तर. सत्त्याहत्तर. त्या पानानंतर आजतागायत पुन्हा ते शहाऐंशीच्या जवळपास गेलेच नव्हते.

सगळं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "लिहीत होते गं," ती मला नंतर म्हणाली, "वाचत नव्हते."

आता प्रश्न असा, की त्या आठवड्यात झालं काय? विमान तर तेच होतं, त्याच जातीचं. त्याचा वेग वाढलेला नव्हता. दोन गावं एकमेकांकडे सरकली असतील असंही नाही.

मावशीने लग्न केलं नव्हतं. माझे आजोबा तिच्याकडेच राहायचे. ते जमीन मोजणीच्या खात्यात साखळी धरायचे. उभी हयात त्यांनी लोखंडी साखळीचं एक टोक धरून शेतांतून, काट्याकुट्यांतून चालण्यात घालवली. मोजल्याशिवाय बोलू नये, हा त्यांचा घरातला एकुलता एक नियम. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले असताना मावशीने त्यांना सगळं सांगितलं. ते मान वर करून आभाळाकडे बघू लागले.

मग म्हणाले, "पूर्वी ते आपल्या घरावरून जायचं."

"काय?"

"विमान. तुझी आई चिडायची. म्हणायची, मेलं बरोबर दूध चुलीवर असतानाच येतं, वर बघायला जावं तर दूध उतू. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून वरून जायचं बंद झालं. मला वाटलं, मलाच ऐकू येत नाहीसं झालं."

मावशीने बोटांवर हिशेब केला. आजी गेल्याला पंधरा वर्षं झाली होती.

आमचं घर विमानतळाच्या डाव्या हाताला, चांगलं चार किलोमीटरवर. पलीकडचं गाव मात्र नाकासमोर. मग विमान डावीकडे वळायचं कशाला? मावशी धावपट्टीच्या कडेला उभी राहून दर वेळी विमान बघायची. तिला आता आठवलं, की पूर्वी ते उडालं की लगेच डावा पंख खाली करायचं. हल्ली सरळ जातं. हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, जसं आपण रोज समोरच्या घराचं दार पाहतो पण त्याचा रंग विचारला तर सांगता येत नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. पलीकडे फोन घेणारे गृहस्थ तिला ताई म्हणायचे, ती त्यांना भाऊ. एकोणीस वर्षं फोनवर बोलणं, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

"भाऊ, विमान तुमच्याकडे येतं ते कुठल्या बाजूने?"

"म्हणजे? तुमच्या बाजूने."

"पूर्वीही तसंच यायचं?"

"नाही हो. पूर्वी शेंडीच्या डोंगरावरून यायचं. तिथे मनोरा होता ना रेडिओचा. विमानं त्याचा आवाज धरून यायची. आधी मनोऱ्यापर्यंत, मग तिथून वळून आमच्याकडे. तो मनोरा पाडला की. विमानात नवी यंत्रं आली, मग कुणाला लागतोय मनोरा."

"कधी पाडला?"

"झाली की तेरा-चौदा वर्षं. का हो ताई?"

मावशीने घरी येऊन आजोबांपुढे नकाशा पसरला. आजोबांनी शिवणाच्या डब्यातून दोरा मागवला. एक टोक आमच्या विमानतळावर टाचणीने टोचलं, दुसरं पलीकडच्या. दोरा ताणून धरला, मग पट्टीवर ठेवून मोजला. तीनशे सत्त्याऐंशीच्या आसपास. नंतर तोच दोरा शेंडीच्या डोंगरावरून फिरवून नेला. चारशे अडतीस.

आजोबांनी दोन्ही मापं तीन-तीन वेळा घेतली. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन गावांमधलं अंतर एकच असतं. वाटा कितीही असोत. तुमच्या कार्यालयाने वाट मोजून तिला अंतर म्हटलंय. आणि ती वाट आता कुणी चालतही नाही."

एक्कावन्न किलोमीटरचा फरक. दहा मिनिटांचा. म्हणजे जाण्यायेण्यात वीस मिनिटांचं इंधन, जे दर फेरीला भरलं जात होतं आणि दर फेरीला तसंच परत येत होतं. मावशीने वजन काढलं. ऐंशी किलो. एक माणूस, त्याच्या पिशवीसकट.

मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी केली नसती तर बरं झालं असतं असं ती अजूनही म्हणते. वह्यांत ज्यांना परत पाठवलं त्यांची नोंद असायची. चौदा वर्षांतल्या त्या नोंदी तिने मोजल्या. सहाशे अकरा भरल्या.

सकाळी ती कप्तानांना गाठायला लवकर गेली. कप्तान चार वर्षांपूर्वी बदलून आलेले, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी कागद पाहिला आणि मान डोलावली. "बरोबर आहे. मी सरळच जातो. मनोरा मी पाहिलेलासुद्धा नाही."

"मग हे जास्तीचं इंधन?"

"काटाताई, टाकीत जास्त इंधन आहे म्हणून रडणारा वैमानिक मी अजून पाहिलेला नाही. तक्ता कार्यालयाचा, भरतो टाकीवाला, मी उडवतो. मला वाटायचं त्यांनी मुद्दाम हात सैल सोडलाय."

"पण बारावा माणूस मी परत पाठवते, कप्तान."

कप्तान कापडी मोज्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खराब हवेसाठी, परत फिरावं लागलं तर, म्हणून वेगळा एक तासाचा साठा असतो. त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या वर जे उरतं ते मी महिनाभर लिहून देतो. चालेल?"

महिनाभर त्यांनी लिहून दिलं. आकडा दर वेळी ऐंशीच्या अल्याडपल्याड. तरी मुख्य कार्यालयाला पत्र लिहायला मावशीचा हात धजेना. ती घाबरली होती. काट्यावर बसून माणसाला परत पाठवण्यात कुणाचा जीव जात नाही. पण आपलं बोट चुकलं, दोरा सैल पडला, तर? कागदावर दहा मिनिटं खोडणं सोपं असतं, त्या दहा मिनिटांखाली डोंगर होते.

"मग जाऊन बघ," आजोबा म्हणाले. "मी काय नकाशावर बसून साखळी धरली होती?"

तेवीस वर्षं विमानतळावर काढून मावशी एकदाही विमानात बसली नव्हती. एका मंगळवारी प्रवासी आठच निघाले. तिने स्वतः काट्यावर उभं राहून वजन लिहिलं. तबकडी आज कुणाकडे वळवायची हे तिला कळेना, मग होती तशीच ठेवली. कप्तानांच्या मागच्या खुर्चीत बसली. मांडीवर वही, हातात आजोबांचं घड्याळ.

जमीन सुटली तेव्हाही तिने डोळे मिटले नाहीत. आठ मिनिटांनी शेतं संपली. बाविसाव्या मिनिटाला दलदल सुरू झाली, हिरव्यात काळे ठिपके, पसरलेल्या गोधडीसारखी. तिला वाटलं होतं दलदल म्हणजे चिखल, पण वरून तीत आभाळ दिसत होतं. चाळिसाव्या मिनिटाला कप्तानांनी डावीकडे बोट दाखवलं. लांबवर, धुरकट, एकाच बाजूला टोक निघालेला डोंगर. शेंडी. त्याच्या माथ्यावर काहीच नव्हतं. मावशी त्याच्याकडे तो मागे पडेपर्यंत बघत राहिली. ज्याच्यावरून गेल्याचे हिशेब तिने चौदा वर्षं सांभाळले होते, तो इतका लांब बाजूला होता, की डोळे बारीक केल्याशिवाय दिसतही नव्हता.

चाकं टेकली तेव्हा तिने घड्याळ पाहिलं. एक तास सोळा मिनिटं.

पायऱ्या उतरल्यावर एक बुटका, किडकिडीत माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. मावशी त्याच्या बाजूने पुढे निघाली. भाऊंचा आवाज असा घागरीतून आल्यासारखा, की तिच्या मनात एक धिप्पाड, मिशाळ माणूस बसलेला होता.

"ताई?" बुटक्या माणसाने विचारलं.

आवाज तोच. मावशीला हसू आवरेना. भाऊही हसले. "मला वाटलं होतं तुम्ही चांगल्या सहा फूट असाल," ते म्हणाले. "इतक्या लोकांना परत पाठवता म्हणजे."

परतीचं विमान निघेपर्यंत दोघं भाऊंच्या खोलीत बसली. भाऊंनीही वह्या ठेवल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून टेबलावर रचल्या, आणि दोघांनी आपापले आकडे एकमेकांना वाचून दाखवले. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक सोडला तर सगळे जुळले. येतानाचं उड्डाण एक तास सतरा मिनिटांचं झालं.

आता पत्र गेलं. विमानतळाचे साहेब आधी कां-कूं करत होते. "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता, काटाताई? माझी दोन वर्षं उरलीत." पण पत्र त्यांच्या सहीनेच जायला हवं होतं. शेवटी त्यांनी सही केली आणि तारीख घालायचं टाळलं. त्यांच्या परीने ते धाडसच होतं.

पंचवीस दिवसांनी उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. आपल्या केंद्रावरून विमाने नियमितपणे वेळेआधी पोहोचत असल्याबद्दल सर्व कर्मचाऱ्यांचे अभिनंदन.'

कप्तानांनी ते मोठ्याने वाचलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले. मावशी हसली नाही. तिने दुसरं पत्र लिहिलं. त्याला दोन्हीकडच्या वह्यांतली पानं जोडली, कप्तानांचा महिन्याचा हिशेब जोडला, त्यांची सही घेतली, आणि नकाशाचा तुकडा कापून त्यावर आजोबांचा दोरा डिंकाने चिकटवला. एक सरळ, एक शेंडीवरून. खाली लिहिलं, 'खराब हवेचा साठा कमी करू नये. फक्त न केलेल्या प्रवासाचे इंधन भरू नये.'

दीड महिन्याने दाराशी गाडी थांबली आणि एक चष्मेवाली तरुणी उतरली. हातात लहान पेटी. मुख्य कार्यालयात विमानांचे तक्ते करणारी हीच. साहेब लगबगीने तिला आपल्या खोलीत न्यायला पुढे झाले, पण ती सरळ भिंतीवरच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली.

"हा कागद मी दर वर्षी पाठवते," ती म्हणाली. "वरची तारीख बदलते आणि सही करते. माझ्या आधीचे साहेबही तेच करत होते." मग मावशीकडे वळली. "चौदा वर्षांत आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

"मलाही नाही दिसलं," मावशी म्हणाली. "एका बाईंची गळपट्टी आखूड भरली."

ती तरुणी आठवडाभर राहिली. तीन फेऱ्या तिने स्वतः विमानात बसून केल्या, यंत्रांवरचे आकडे उतरवले, वाऱ्याच्या वर्षभराच्या नोंदी मागवल्या, टाकीवाल्याशी तासभर बोलली. मावशीने तिला सहाशे अकराचा आकडाही सांगितला. तिने तो वहीत लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

त्याच सुमारास मावशीला बाजारात तो गवंडी भेटला. पुन्हा इकडे कामाला आलेला होता. तिने त्याला थांबवून सगळं सांगितलं. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जाऊ शकला असतात. चूक आमची होती."

गवंड्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तुमच्यावर राग कसला धरू?" तो म्हणाला. पिशवी पुन्हा उचलून म्हणाला, "पण कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं."

मावशीने मान हलवली. तिलाही तसंच वाटत होतं.

नवा तक्ता पुढच्या महिन्यात आला. अंतर तीनशे सत्त्याऐंशी. वेळ एक तास सोळा मिनिटं. माणसं बारा. त्यानंतर ज्या दिवशी पहिल्यांदा बारा जण जमले, त्या दिवशी कप्तान, टाकीवाला, साहेब सगळे काहीतरी मोठं घडणार असल्यासारखे दाराशी येऊन उभे राहिले. बारावा प्रवासी चष्म्यांच्या चौकटींचा फिरता विक्रेता निघाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मागची खुर्ची मिळाली म्हणून त्याने कुरकूर केली, गुडघे टेकतात म्हणाला, आणि विमान उडायच्या आत झोपी गेला. मावशीने त्याचं वजन, पिशवीचं वजन, निघाल्याची वेळ, सगळं लिहिलं. या वेळी लिहिलेलं वाचूनही पाहिलं.

'वेळेआधी पोचवणारी सेवा' ही पाटी महिनाभरात काढावी लागली. विमान आता बरोबर वेळेवर उतरायला लागलं होतं, आणि काही प्रवासी तक्रार करू लागले, की ही सेवा पूर्वीसारखी राहिली नाही.

गोष्ट इथेच संपली असती. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला मावशीच्या नावाने एक जाड पाकीट आलं. आत त्या तरुणीची चिठ्ठी होती. मनोऱ्यांच्या काळातले आणखी सतरा तक्ते तिला सापडले होते, सगळे असेच लहान विमानतळ, एकमेकांपासून लांब, नकाशात शोधावे लागतील असे. अधिकृत तपासणीला वर्ष लागणार होतं. तोवर तिथल्या लोकांशी कुणीतरी बोलायला हवं, कुणाला काय आठवतं ते विचारायला हवं. 'माझे फोन गेले की ते साहेबांकडे देतात,' तिने लिहिलं होतं. 'तुमच्याशी काट्यावरचे लोक बोलतील.'

आजोबांनी दोऱ्याचं नवं रीळ आणवलं. मावशीने नकाशा टेबलाच्या काचेखाली सरकवला, यादीतलं पहिलं नाव बघितलं आणि फोन लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग पलीकडून एका बाईचा घाईघाईचा आवाज आला, मागे कुठेतरी काट्यावर जड पेटी आदळल्यासारखा आवाज झाला.

"हो, मीच बसते काट्यावर," त्या बाई म्हणाल्या. "कोण बोलतंय?"

"तुमच्यासारखीच एक," मावशी म्हणाली. "जरा वेळ आहे का? मला एवढंच सांगा, तुमच्याकडचं विमान उडालं की आधी कुठल्या हाताला वळतं?"